दिपोटी येणार आहेत

ऑक्टोबर २००१. हार्डओसीपी नावाची एक अमेरिकन वेबसाइट होती, तिच्यावर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची परीक्षणं यायची. तिथल्या मंडळींनी एका गेमच्या प्रोग्रॅममध्ये एकच शब्द बदलला. 'क्वेक' होतं, त्याचं 'क्वॅक' केलं. क्वॅक म्हणजे इंग्रजी बदकाचं ओरडणं. बाकी काही बदललं नाही. गेम तोच, कॉम्प्युटर तोच, ग्राफिक्स कार्डही तेच. तरी कार्डाचा वेग पडला.

कार्ड होतं एटीआय कंपनीचं रेडिऑन ८५००, नुकतंच बाजारात आलेलं. 'क्वेक ३' हा गेम तेव्हा खेळण्याइतकाच मोजमापासाठीही वापरला जायचा. नवं कार्ड आलं की परीक्षक त्यावर क्वेक चालवायचे, सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते मोजायचे आणि तक्त्यात लिहायचे. ज्याच्या फ्रेम जास्त, ते कार्ड भारी. जगभरातली पोरं तो तक्ता बघून पैसे साठवायची. कार्डाबरोबर एक ड्रायव्हर येतो, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये बसलेला दुभाषा. चालू असलेल्या प्रोग्रॅमचं नाव क्वेक आहे हे दिसलं की हा दुभाषा वेगळा वागायचा. नाव क्वॅक झाल्यावर त्याला परीक्षा ओळखूच आली नाही, आणि तो रोजच्यासारखा वागला.

पुढच्या काही दिवसांत टेक रिपोर्ट नावाच्या दुसऱ्या साइटने दोन्ही नावांखालची चित्रं मोठी करून शेजारी शेजारी ठेवली. क्वेकमधल्या भिंती आणि फरशा क्वॅकपेक्षा पुसट दिसत होत्या. बारकावे गाळून वेग मिळवला होता. एखाद्या गेमसाठी ड्रायव्हर जुळवून घेणं गैर नाही, अशी कंपनीची बाजू होती, आणि ते तत्त्व म्हणून खरंही आहे. पण नंतर आलेल्या ड्रायव्हरमध्ये चित्र सुधारलं आणि वेगही फारसा गेला नाही. म्हणजे कॉपी न करता पास होणारा मुलगा कॉपी करताना सापडला होता.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला धक्का बसला तो लबाडीच्या आकाराचा. नाव अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. दोन ओळींत होणारं काम.

आमचे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना ते शेवटपर्यंत 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी अंगण सारवलं जायचं, तक्ते लागायचे, हुशार पोरं पुढच्या रांगेत यायची. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. हा किस्सा महाराष्ट्रातल्या निम्म्या मास्तरांच्या नावावर ऐकायला मिळतो, तेव्हा आमच्या आजोबांचा वाटा किती ते सोडून द्या. पण एका दिपोटींबद्दल ते वेगळ्या आवाजात बोलायचे. हे गृहस्थ न कळवता यायचे. एसटीतून एक थांबा आधी उतरायचे, धोतराला धूळ लागलेली, शेतातून चालत थेट वर्गात. आजोबा त्यांना घाबरायचे. आणि सगळ्यांत जास्त मान त्यांनाच द्यायचे.

इंटरनेटवरच्या परीक्षणांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा मला हेच दोन साहेब पुन्हा पुन्हा भेटत राहिले. एक कळवून येणारा आणि एक न कळवता.

क्वेकनंतर दीड वर्षाने, २००३ मध्ये, खेळ आणखी पुढे गेला. या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात प्रतिस्पर्धी कंपनी होती, एनव्हिडिया. 'थ्रीडीमार्क०३' ही खास ग्राफिक्स कार्डांची परीक्षा घेण्यासाठीच बनवलेली चाचणी. तिच्यात कॅमेरा ठरलेल्या रुळावरून जातो, दर वेळी तोच रस्ता. एक्स्ट्रीमटेक या साइटकडे या चाचणीची अशी आवृत्ती होती की तिच्यात कॅमेरा मध्येच थांबवून वळवता यायचा. त्यांनी वळवला, आणि रुळाबाहेरचं आभाळ फाटलेलं निघालं. नाटकाच्या सेटसारखं: प्रेक्षकांकडची बाजू रंगवलेली, मागे नुसत्या फळ्या. कॅमेरा कुठे बघणार हे ड्रायव्हरला आधीच माहीत होतं, म्हणून बाकीचं काम तो करतच नव्हता.

चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्क कंपनीने मे महिन्यात तपासणीचा अहवाल काढला आणि ही पळवाट बंद करणारी सुधारणा दिली. एनव्हिडियाच्या नव्या कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. इथवर परीक्षक ताठ होता. मग जूनच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांचं संयुक्त निवेदन आलं, त्यात 'फसवणूक' हा शब्द मागे घेतलेला होता आणि त्याच्या जागी सौम्य, तांत्रिक शब्दयोजना आली होती. आकडे तेच राहिले, त्यांचं नाव बदललं. क्वेकचं क्वॅक करणं वेगळं आणि हे वेगळं. फ्युचरमार्कच्या पैसे भरणाऱ्या सभासदांत याच कार्ड बनवणाऱ्या कंपन्या असत, एवढं सांगितलं तर बाकीचं वाचकाला कळतं.

पैशाचा हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचं एक उत्तरही आधीच सापडलेलं होतं. अमेरिकेत १९३६ साली कन्झ्युमर्स युनियन ही संस्था निघाली. तिच्या मासिकाने नियम असा ठेवला: तपासायची वस्तू दुकानात जाऊन, आपण कोण ते न सांगता, पैसे देऊन विकत घ्यायची; आणि जाहिरात घ्यायची नाही. शेतातून चालत येणारा दिपोटी तो हाच. आपल्याकडे मुंबईत १९६६ मध्ये सुरू झालेली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया त्याच वाटेवरची. तिचं 'कीमत' हे मासिक ग्राहकांसाठी वस्तूंच्या चाचण्या छापत आलं. या पद्धतीला खर्च फार येतो, वेळ फार लागतो. तो खर्च वाचकाने वर्गणीतून उचलायचा असतो.

नव्वदच्या दशकात वेबसाइटवरची परीक्षणं आली ती फुकट. फुकट म्हणजे जाहिरातीवर. आणि ग्राफिक्स कार्डाच्या परीक्षणाशेजारी जाहिरात कुणाची लागणार? साबणाची तर नाही. शिवाय वस्तूही कंपनीकडूनच यायची, बाजारात येण्याच्या आधी, अमुक तारखेच्या अमुक तासापर्यंत काही छापायचं नाही या अटीवर. यात परीक्षकाला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्या जागी बसून बघा. दुकानातून विकत आणून नीट तपासायचं तर तुमचं परीक्षण दहा दिवस उशिरा येणार, आणि तोवर गावभर चर्चा होऊन गेलेली असणार. वाचक, म्हणजे आपणच, पहिल्या दिवशीचं वाचून मोकळे झालेले असतो.

या व्यवस्थेचं टोक २००७ च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. गेमस्पॉट ही गेमच्या परीक्षणांची मोठी साइट, सीनेट कंपनीच्या मालकीची. जेफ गर्स्टमन तिथे दहा वर्षांहून अधिक काळ लिहीत होता आणि संपादकीय विभागाचा प्रमुख होता. 'केन अँड लिंच' नावाच्या गेमला त्याने दहापैकी सहा गुण दिले. सहा म्हणजे वाईट नव्हे, बरा. पण त्याच दिवसांत साइटचं अख्खं पहिलं पान त्याच गेमच्या जाहिरातीने रंगवलेलं होतं. महिना संपायच्या आत गर्स्टमनची नोकरी गेली. जाहिरातदाराच्या दबावामुळे काढलं नाही, असं साइटने सांगितलं. गर्स्टमनला कायदेशीर बंधनामुळे बोलता येत नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत त्याचे अनेक सहकारी राजीनामे देऊन बाहेर पडले. त्यांतल्या काहींना घेऊन २००८ मध्ये जायंट बॉम्ब नावाची नवी साइट निघाली. आणि मग २०१२ मध्ये एक गंमत झाली. गेमस्पॉट तोवर सीबीएसच्या ताब्यात गेली होती. सीबीएसने जायंट बॉम्बही विकत घेतली. जुनी बंधनं सुटली, आणि गर्स्टमन गेमस्पॉटच्याच कॅमेऱ्यासमोर बसून काय झालं होतं ते बोलला. कमी गुण दिले की जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या यायच्या, त्या आधीही यायच्या; पण नव्याने आलेल्या व्यवस्थापनाला त्या झेलायची सवय नव्हती, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

मला या प्रकरणातलं हेच वाक्य महत्त्वाचं वाटतं. जाहिरातदार पूर्वीही ओरडायचे. फक्त मध्ये कुणीतरी उभं असायचं आणि ते ओरडणं लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचू द्यायचं नाही. हे काम कुठल्याही आचारसंहितेत लिहून होत नाही. ते करणारा माणूस असावा लागतो, आणि तो गेला की काही आठवड्यांत कळतं.

मग फोन आले. २०१३ मध्ये मी अकरावीत होतो आणि घरातला अनधिकृत तंत्रज्ञान सल्लागार होतो. बाबांना फोन घ्यायचा होता. मी वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून आनटूटूचे आकडे लिहिले होते. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: आनटूटू हे फोनची ताकद एका आकड्यात सांगणारं ॲप. त्या वयात त्या आकड्यावर माझी श्रद्धा होती. बाबांनी वही बघितली, "तू म्हणशील तो," म्हणाले आणि पगारातून पैसे काढले.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला आनंदटेक या साइटवर एक लेख आला. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ च्या एका प्रकारात ग्राफिक्सचा भाग इतर ॲप चालू असताना ४८० मेगाहर्ट्झच्या वर जात नव्हता. ठरावीक चाचण्या सुरू झाल्या की मात्र तो ५३३ वर जायचा. फोनमधल्या एका फाइलच्या पोटात चाचण्यांच्या ॲपची यादी सापडली, त्यात आनटूटू होतं. आणि त्या कोडमध्ये एक नाव होतं: 'बेंचमार्कबूस्टर'. निदान नाव तरी आडवळणाचं ठेवायचं! ज्या इंजिनिअरने हे नाव दिलं त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो बेफिकीर होता, की कुणीतरी कधीतरी शोधावं म्हणून त्याने ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं?

ऑक्टोबरमध्ये आर्स टेक्निकाने नोट ३ वर क्वॅकचाच प्रयोग केला. गीकबेंच नावाच्या चाचणीचं नाव बदलून 'स्टेल्थबेंच' ठेवलं, आणि गुण उतरले. त्याच आठवड्यात आनंदटेकने वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन तपासून सांगितलं की ॲपल आणि मोटोरोला सोडले तर बहुतेक सगळ्यांच्या एखाद्या ना एखाद्या फोनमध्ये हा प्रकार आहे. अशी बातमी देणं परीक्षकाला सुखाचं नसतं. अशा बातमीचा अर्थ आपण आजवर छापलेले तक्तेही कच्चे होते, असा होतो. काल दिलेला दाखला आज आपणच फाडायचा. मला वाटतं, परीक्षकाची खरी परीक्षा इथे होते, आणि आनंदटेक त्या दिवशी पास झाली. एस ४ चं प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये तडजोड झाली. तिथल्या फोनमालकांना वाट्याला दहा दहा डॉलर. बाबांना मी कोणता फोन घ्यायला लावला होता ते सांगत नाही. त्यांनी तो पाच वर्षं वापरला आणि त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार माझ्या वहीची होती.

पुढे हे वेषांतर एक कलाच झाली. २०१७ च्या सुरुवातीला वनप्लसचा फोन तपासताना एक्सडीए या साइटसाठी गीकबेंचच्या निर्मात्यांनी आपली चाचणी एका खोट्या गेमच्या वेषात पाठवली. नाव ठेवलं 'बॉब्ज मिनी गोल्फ पट'. बहुरूप्याने पोलिसाचं सोंग घेऊन दारात यावं हे आपल्याला माहीत आहे. इथे पोलीसच बहुरूपी होऊन आला होता, तेही गोल्फ खेळायला. सोंग वठलं. कंपनीने हे थांबवतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये परीक्षकांना पाठवलेल्या वनप्लस ५ वर पुन्हा तसलंच काही एक्सडीएला आढळलं. त्यांनाही तो फोन कंपनीनेच दिला होता. तरी त्यांनी छापलं, आणि त्या फोनचे चाचणीचे आकडे असलेलं प्रत्येक परीक्षण दिशाभूल करणारं आहे, असंही सांगून टाकलं.

२०२२ मध्ये तर पाटी उलटी फिरली. सॅमसंगच्या फोनमधली एक व्यवस्था फोन तापू नये म्हणून हजारो ॲपचा वेग आवरून धरत होती, पण चाचणीच्या ॲपना हात लावत नव्हती. या वेळी कोरियातल्या एका यूट्यूबरने चाचणीलाच 'गेन्शिन इम्पॅक्ट' या गेमचं नाव दिलं. फोनला वाटलं गेम आहे, त्याने वेग खाली आणला, आणि चाचणीचे गुण कोसळले. गीकबेंचने सॅमसंगचे त्या मालिकेतले चार वर्षांचे फोन आपल्या यादीतून काढून टाकले. एकवीस वर्षांनी युक्ती तीच: नाव बदला आणि बघा.

आनंदटेक आता नाही. आनंद लाल शिंपी या चौदा वर्षांच्या मुलाने १९९७ मध्ये अमेरिकेत घरी बसून सुरू केलेली ही साइट ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाली. आनंद स्वतः दहा वर्षं आधीच ॲपलमध्ये गेला होता. निरोपाच्या लेखात शेवटच्या संपादकाने लिहिलं होतं की लिखित तंत्रज्ञान पत्रकारितेचा बाजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी तो लेख ऑफिसच्या बसमध्ये वाचला, फोनवर. ज्या साइटने मला फोनकडे बघायला शिकवलं तिला मी आयुष्यात एक रुपया दिला नव्हता, जाहिरातीसुद्धा ब्लॉक करून वाचायचो, हे तेव्हा लक्षात आलं.

आता परीक्षण म्हणजे बहुतेकांसाठी पाच तारे. घर्षणाने पुसट झालेली भिंत मोठी करून दाखवणारं कुणी नको, हजार लोकांची सरासरी पुरे. आणि या सरासरीबद्दल मला एक सांगायचं आहे, कारण त्यात माझा हात आहे.

माझ्या पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला एक छोटं काम मिळालं. आमच्या ॲपमध्ये एक चौकट दाखवायची: "तुम्हाला आमचं ॲप आवडतंय का?" 'हो' दाबलं तर माणूस प्ले स्टोअरवर जाईल, तारे द्यायला. 'नाही' दाबलं तर ॲपमधलाच एक फॉर्म उघडेल. काम अर्ध्या दिवसाचं. आवडलं असेल तर हे कर, नसेल तर ते कर. दोन ओळी. तीन महिन्यांत तीनच्या आसपास रेंगाळणारं रेटिंग चारच्या वर गेलं आणि टीमला पिझ्झा मिळाला. मीही खाल्ला.

पुढे काही कामासाठी त्या फॉर्ममधल्या नोंदी मला उघडाव्या लागल्या. एका शीटमध्ये ओळींवर ओळी साठल्या होत्या, आणि त्या वाचण्याचं काम कुणाकडेच नव्हतं. एका काकांनी तीनदा लिहिलं होतं. बिल भरताना पैसे दोनदा कापले गेले. मग आठवड्याने, अजून परत आले नाहीत. मग महिन्याने, कुणी वाचत असेल तर कृपया कळवा. त्यांनी हेच प्ले स्टोअरवर एका ताऱ्यासकट लिहिलं असतं तर पुढच्या माणसाने बिल भरण्याआधी वाचलं असतं. ते तिथवर पोहोचू नयेत म्हणून मध्ये जी चौकट होती, ती माझी होती. मी मॅनेजरना सांगितलं. काकांचे पैसे मिळाले. चौकट राहिली.

गुगलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की रेटिंग मागण्याआधी वापरणाऱ्याला त्याचं मत विचारू नये. हे मी नंतर वाचलं. आधी शोधायची इच्छा नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीला ४२ लाख डॉलर भरावे लागले, कारण तिच्या साइटवर चार-पाच ताऱ्यांचे अभिप्राय आपोआप झळकायचे आणि त्याखालचे मंजुरीसाठी थांबायचे, ते थांबूनच राहायचे. बातमी वाचताना मला तो कोड डोळ्यांसमोर दिसत होता, तारे चारपेक्षा कमी असतील तर. आपल्याकडेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक आलं, आयएस १९०००:२०२२. चांगलं आहे. ऐच्छिक आहे.

ती नोकरी मी सोडली त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात हा लेख लिहायला घेतला तेव्हा ते ॲप पुन्हा उतरवलं. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवर. दिपोटींनी एक थांबा आधी उतरावं तसं. दोन दिवस वापरलं. तिसऱ्या दिवशी चौकट आली. मी 'नाही' दाबलं आणि फॉर्म उघडला. वरची ओळ मीच टाइप केलेली होती: तुमचं मत आमच्यासाठी महत्वाचं आहे. 'महत्त्वाचं' तेव्हा एकाच त-ने लिहिलं होतं. अजून तसंच आहे.